मराठी होमब्रू: टेबलटॉप आरपीजीचं घरी लिहिलेलं साहित्य ठेवायचं कुठे आणि कसं?

वीसबाजू

पुण्यात टेबलटॉप आरपीजी खेळणारे आता बरेच झालेत. कोथरूडला कुणाच्या तरी हॉलमध्ये, डेक्कनच्या कॅफेत, हिंजवडीत ऑफिस सुटल्यावर मीटिंग रूम अडवून. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम किंवा जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि पुढे काय घडतं ते अर्धं बोलण्यावर, अर्धं फाशांवर ठरतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं, तिथून हे सुरू झालं.

या खेळात विकतचं पुस्तक निम्मंच पुरतं. उरलेलं लोक घरी लिहितात: साहसं, राक्षस, मंत्र, नकाशे, तक्ते. हेच होमब्रू. आमच्या ओळखीच्या ग्रुपांमध्येच मराठीत इतकं लिहून झालंय की एक जाडजूड अंक निघेल. पण आहे कुठे? व्हॉट्सॅपवर 'फायनल_नक्की_फायनल' नावाच्या पीडीएफमध्ये. नाहीतर कुणाच्या तरी ड्राइव्हवर, जिथे उघडायला परवानगी मागावी लागते आणि ती देणारा केव्हाच जर्मनीला गेलेला असतो.

एक उदाहरण देते. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं, हे पुणेकरांना सांगायला नको. वाटेत हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास, पेठांमध्ये जागोजागी हौद. डन्जन म्हणून याहून आयतं काय हवं? आमच्यातल्या एकाने त्यावर साहस लिहिलं. एका हौदाला पाणी यायचं थांबतं, पात्रं उच्छ्वासातून आत उतरतात, मध्येच एक बंद दार आणि त्यावर मोडीत कोडं. पहिल्या टेबलावर मोडी कुणालाच येईना. डीएमने इशारे देऊन पाहिले, फासे टाकायला लावले, पाऊण तास तिथेच गेला. दुसऱ्या ग्रुपच्या डीएमने कोडंच काढून टाकलं आणि नळाला तीन फाटे दिले. एकीकडून वाहत्या पाण्याचा आवाज, एकीकडून नुसते थेंब, तिसरीकडून काहीच नाही. खेळाडूंनी आपणहून मशाली विझवल्या आणि कान देऊन बसले. त्या सेशनमधला सगळ्यात भारी भाग तोच.

आता गंमत बघा. तिसऱ्या ग्रुपच्या हाती आली ती मूळ फाइल. ते पुन्हा मोडीपाशी अडकले.

म्हणून माझ्या डोक्यात एक जागा आहे. नुसती फाइल टाकायची नव्हे. प्रत्येक साहित्याखाली ते ज्यांनी खेळून पाहिलं त्यांची टिपणं हवीत, आणि त्यातून निघालेल्या बदललेल्या आवृत्त्या मुळाला जोडलेल्या हव्यात, म्हणजे कशातून काय निघालं ते वंशावळीसारखं दिसेल. लाइकचं बटण नको. त्याऐवजी 'खेळलं' असं बटण. ते दाबलं की तीनच प्रश्न: किती जण होता, कुठे अडलं, काय बदललं. नुसतं वाचून 'मस्त!' लिहिणाऱ्यांना कुणी अडवणार नाही, पण त्यावरून क्रम लागणार नाही.

तांत्रिक, कायदेशीर, भाषेचं, काहीही सुचवा. मी फ्रंटएंड, म्हणजे साइटची दिसणारी बाजू, करू शकते. बाकी बाबतीत आनंद आहे.

टवाळ

लाइकचं बटण नाही? अर्धं पब्लिक इथेच उठून गेलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लोडशेडिंग

वीसबाजूताई, आधी थंड पाणी ओततो. नवी साइट बांधायला मजा येते. ती सांभाळायची वेळ येते तेव्हा कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणी बंगळुरूला गेलेला असतो आणि डोमेनचे पैसे भरायचे राहतात. गप्पांना डिस्कॉर्ड आहे, फाइली ठेवायला इच.आयओ आहे, तिथे आरपीजीचा मोठा विभागही आहे. ते का नको, याचं उत्तर आधी द्या.

माझं उत्तर मीच देतो, कारण मी हे जवळून पाहिलंय. जुन्या पद्धतीच्या आरपीजी लिहिणाऱ्यांची मोठी मंडळी गूगल प्लसवर होती. एप्रिल २०१९ मध्ये गूगलने ते बंद केलं आणि कित्येक वर्षांच्या चर्चा, तक्ते, नकाशे जे कुणी स्वतः उतरवून घेतले तेवढेच वाचले. डिस्कॉर्डवर तर न बंद होताही तेच होतं. मागच्या पावसाळ्यात कुणी काय टाकलं होतं ते तिथे शोधून दाखवाच.

तेव्हा माझी अट एकच. कुणीही, कधीही, लॉगिन न करता सगळा ऐवज एका फाइलमध्ये उतरवून घेऊ शकला पाहिजे. प्रत्येक साहित्य म्हणजे एक फोल्डर: साध्या मजकुराची फाइल, चित्रं, टिपणं. डेटाबेसशिवायही वाचता आलं पाहिजे. मग साइट मेली तरी कुणीतरी दुसरीकडे उभी करेल.

आणि पीडीएफ हे मूळ रूप नको, ते मजकुरातून तयार झालेलं हवं. देवनागरी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघा: वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं दुसरीकडे. स्टॅट ब्लॉक, म्हणजे राक्षसाच्या आकड्यांचा तक्ता, उचलून आपल्या साहसात टाकायचा तर पुन्हा टाइप करत बसावं लागतं.

शोध हे वेगळंच दुखणं. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला तो आडवा अर्धा र काही कीबोर्ड ऱ पासून बनवतात, तर काही साध्या र ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं चिन्ह टाकतात. तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द. 'ॲप'चंही तसंच: ॲ हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. साठवताना सगळं एका साच्यात आणायचं आणि शोधतानाही तेच करायचं. काम अवघड नाही, पण पहिल्या दिवशी केलं नाही तर पुढे फार निस्तरावं लागतं.

कोकणी_खवीस

धागा आवडला. पण ताई, तुमच्या 'साहित्या'त अजून एक फोड करायला हवी.

मी आमच्याकडची भुतं लिहून काढतोय. चकवा घ्या. रात्री रानातून येणाऱ्याला चकवा लागला की तो त्याच त्याच जागी गोल फिरत राहतो. उपाय काय, तर आहे तिथे बसून राहायचं, उजाडलं की वाट आपोआप दिसते. एका भल्या माणसाने माझा चकवा घेतला आणि त्याला हिट पॉइंट (किती मार सोसेल) दिले, पंजे दिले, आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड) दिला. खेळाडूंनी दोन फेऱ्यांत चकवा मारला! चकव्याला मारतात का कधी?

माझ्या मूळ लिखाणात चकव्याला अंगच नाही. टेबलावर एक फासा ठेवायचा, सहा आकडा वर. पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, पुढे जायचं म्हणाली की एक कमी. डीएमने दर वेळी त्याच जागेचं वर्णन करायचं, पण एक तपशील बदलून: आधी वडाच्या पारंब्या, मग पारंब्यांना काहीतरी बांधलेलं, मग ते बांधलेलं आपल्याच झोळीचं फडकं. जो 'मी बसतो' म्हणेल तो सुटला. बाकीचे फासा एकवर येईपर्यंत चालत राहतात, आणि तिथून पुढे डीएमची मर्जी.

तर माझं म्हणणं, भूत आणि आकडे वेगळे ठेवा. वर गोष्ट आणि वागणूक, ती कुठल्याही खेळात चालेल. खाली 'पाचव्या आवृत्तीचे आकडे' (डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या), 'फेटचे आकडे' (हा दुसरा खेळ) अशी वेगवेगळी पानं, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली. मग ज्याला चकव्याला पंजे द्यायचेत त्याने आपल्या पानावर खुशाल द्यावेत. माझं नाव त्याला चिकटणार नाही.

टवाळ

'आहे तिथे बसून राहायचं, वाट आपोआप दिसते.' चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्येही हेच करतो आम्ही.

वीसबाजू

@लोडशेडिंग, अट मान्य. तुम्ही करणार असाल तर फारच मान्य.

@कोकणी_खवीस, हे मला सुचलंच नव्हतं. 'खेळलं' टिपण मग कशाला जोडायचं, गोष्टीला की आकड्यांना? मला वाटतं आकड्यांच्या पानाला, पण दिसावं दोन्हीकडे.

वकिलीणबाई

पेशाने वकील, शनिवारी पॅलाडिन (खेळातली धर्मयोद्धा). परवान्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, सल्ला म्हणून नको.

खेळाचा नियम, म्हणजे 'वीस बाजूंचा फासा टाका, त्यात आकडा मिळवा, अमुकपेक्षा जास्त आला तर जमलं', ही कल्पना झाली. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असतो. आपल्याकडे १९५७चा कायदा आहे आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केलाय. म्हणजे नियम आपल्या शब्दांत लिहा. पुस्तकातले परिच्छेद उचलू नका. चित्रं तर नाहीच.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सवर आधारित लिहिणाऱ्यांना वाट थोडी सोपी आहे. २००० साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने ओजीएल नावाचा खुला परवाना आणला आणि त्यावर हजारो लोकांनी पुस्तकं काढली. जानेवारी २०२३मध्ये तो बदलण्याचा मसुदा फुटला, जगभर बोंबाबोंब झाली आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. नुसती माघार नव्हे, नियमांचा ५.१ हा संदर्भ दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या' परवान्याखाली खुला करून टाकला. महत्त्वाचं काय, तर हा परवाना परत घेता येत नाही. तुम्ही श्रेयाची ठरलेली ओळ द्या आणि त्यातलं वापरा, विका, मराठीत आणा. मात्र त्या दस्तऐवजात जे नाही, म्हणजे त्यांची खास जगं, लोगो, चित्रं, ते यात येत नाही. फरगॉटन रेल्म्स या त्यांच्या जगात साहस घडवून विकायचं असेल तर डीएम्स गिल्ड ही विक्रीची साइट आहे, तिथे निम्मे पैसे लेखकाला मिळतात, पण तिथे टाकलेलं मग दुसरीकडे टाकता येत नाही. म्हणजे आपल्याकडेही नाही.

आता तुमच्या साइटचं. वीसबाजूताई, तुमची सगळी कल्पना 'दुसऱ्याने बदलून पुढे न्यावं' यावर उभी आहे. मग अपलोडच्या फॉर्मवर परवाना निवडणं सक्तीचं करा आणि पर्याय दोन किंवा तीनच द्या. 'श्रेय द्या', 'श्रेय द्या आणि पुढची आवृत्तीही याच परवान्याखाली', आणि फार तर 'विकू नका' असलेला. 'बदल नको' म्हणजे एनडी हा पर्याय ठेवलात तर त्या साहित्याची वंशावळ मुळाशीच थांबली. आणि अपलोड करणाऱ्याला बटणाच्या शेजारीच सांगा की एकदा दिलेला परवाना मागे घेता येणार नाही. तुम्ही पान काढून टाकाल, पण ज्याने आधी घेतलं त्याचा हक्क राहतो. हे नंतर कळलं की लोक चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मराठीत एक घोटाळा नेहमी होतो. इंग्रजी साहसाचं भाषांतर करायचं, नावं बदलायची, गॉब्लिनचा झोटिंग करायचा आणि 'माझं होमब्रू' म्हणायचं. भाषांतरालाही मूळ लेखकाची परवानगी लागते. खुल्या परवान्याचं असेल तर हवं तेवढं करा आणि मूळ लेखकाचं नाव लिहा. फॉर्मवर 'कशावर आधारित आहे?' हा रकाना रिकामा सोडता येऊ नये, 'स्वतंत्र' असं तरी लिहायला लावा.

जुन्या मराठी कादंबऱ्यांवर कुणाला कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, करायचं असेल तर चांगली बातमी: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. वाड्यातल्या कपाटात धूळ खात पडलेलं बरंच काही आता मोकळं आहे.

सर्वांचा मामा

वाखुसा (वाचनखूण साठवली). वकिलीणबाई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका की.

मु_पो_हडपसर

मी शाळेत शिकवतो आणि सुटीत आठवी-नववीच्या मुलांना हा खेळ खेळवतो. तुमच्या जागेचा मला उपयोग आहे, पण दोन गोष्टी पाहिजेत.

पहिली, मुलांची खाती नकोतच. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरलेत आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. ही उठाठेव पाच-सहा हौशी लोकांच्या साइटला झेपणारी नाही. वाचायला आणि उतरवून घ्यायला लॉगिनच नको, म्हणजे मुलं निवांत वाचतील. त्यांनी लिहिलेलं मी माझ्या खात्यावरून टाकीन, तेही नावं न देता.

दुसरी, '१३+' वगैरे शिक्के मला निरुपयोगी आहेत. आत काय आहे ते लिहा. रक्तपात आहे का, आत्महत्या आहे का, लहान मुलाचा मृत्यू आहे का. मुंजाची गोष्ट ही मुळात मेलेल्या मुलाची गोष्ट आहे. पिंपळावरचा मुंजा ऐकताना सगळे हसतात, पण वर्गात एखाद्याचा भाऊ गेलेला असतो. टेबलावर आम्ही एक्स-कार्ड ठेवतो: मध्ये एक कार्ड, कुणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. पण आधीच ठाऊक असेल तर ती वेळच येत नाही.

आणखी एक, जरा नाजूक. @कोकणी_खवीस, तुमची यादी उत्तम होणार यात शंका नाही. पण आपल्या लोककथांतली भुतांची वर्गवारी जातीवर चालते हे तुम्हालाही माहीत आहे. कुठल्या जातीचा माणूस मेला की कुठलं भूत, याची यादीच असते. ती जशीच्या तशी स्टॅट ब्लॉकमध्ये आली, एकाला अक्कल जास्त आणि दुसऱ्याला ताकद जास्त, की मी ती वर्गात नेऊ शकत नाही. मूळ खेळालाही हे भोगावं लागलंच. २०२४च्या नियमांत 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' केला, तो उगाच नाही.

कोकणी_खवीस

सर, मान्य. ब्रह्मसमंधावर मी याच कारणाने थांबलोय. भूत कोण होतं यापेक्षा त्याचं काय राहून गेलं यावरून लिहिलं तर? मुंजाची सोडमुंज राहिली, ती राहून गेलेली गोष्ट. आकडे त्यावर बेतायचे. जातीचा उल्लेख लोककथेच्या टिपणात येईल, जसा आहे तसा, लपवणार नाही. पण त्यावर फासा टाकायला लागणार नाही.

पर्वतीचा_चढ

सगळं वाचलं. मी अनेक वर्षं दिवाळी अंकाचं संपादन केलंय, हा खेळ माझी पुतणी खेळते. तिच्यामुळे इथे.

तुम्हा लोकांना वाटतंय की प्रश्न साठवण्याचा आहे. तो निवडीचा आहे. सगळं स्वीकाराल तर वर्षभरात चांगल्या दहा गोष्टी नव्वद टाकाऊ गोष्टींखाली गाडल्या जातील. संपादक मंडळ नेमा. आलेलं वाचा, परत पाठवा, दुरुस्त करून घ्या, मगच प्रसिद्ध करा. शुद्धलेखनही पाहा. 

आणि थोरा-मोठ्यांना या खेळात आणणार आहात का, हे आत्ताच ठरवा. उद्या कुणी महाराजांना आकडे देईल, कुणी त्यांच्या तोंडी वाटेल ते घालेल, आणि मग तुमच्या फ्रंटएंडचं काय होईल ते मी सांगायला नको.

सातारी_कंदी

शुद्धलेखन तपासणार आसाल तर मी न्हाई येत. माझं साहस माझ्या गावच्या बोलीत हाय. त्यातला म्हातारा पुणेरी बोलाय लागला तर खेळणारी पोरं हसत्याली.

टवाळ

चला, धागा योग्य वळणावर आला. सदाशिव पेठ विरुद्ध उर्वरित महाराष्ट्र. पॉपकॉर्न संपले, भडंग मागवतो.

वीसबाजू

थांबा थांबा. पर्वतीकाका, निवडीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं आणि मंडळाबद्दल पटत नाही. आधी वाचून परत पाठवणारं मंडळ बसवलं की पहिल्यांदा लिहिणारा मुलगा फाइल पाठवणारच नाही, तो ती व्हॉट्सॅपवरच टाकेल. होमब्रू कच्चंच असतं. ते टेबलावर शिजतं. म्हणूनच मी 'खेळलं' टिपणांवर एवढी अडून बसलेय. ज्याच्याखाली तीन वेगवेगळ्या ग्रुपांची टिपणं आहेत ते आपोआप वर येईल, मग त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं का असेना.

हे काही मी आज शोधलेलं नाही. १९७५मध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' सुरू केलं. खेळणारे आपापली पानं लिहून पाठवायचे, ती एकत्र करून सगळ्यांना जायची आणि पुढच्या अंकात प्रत्येक जण आधीच्या अंकातल्या पानांवर लिहायचा. हौशी साहित्य आणि त्यावरची टिपणं पहिल्यापासून जोडीनेच चाललीत. आपण मध्येच लाइक आणून ती जोडी तोडली.

पण तुमच्यासारखी नजर वाया घालवायची नाहीये. 'संपादकीय मदत हवी' असा एक पर्याय लेखकाला देऊ. त्याने मागितली तर तुम्ही वाचा, झोडा, दुरुस्त करा. बोलीला हात नाही. सूचनांची भाषा मात्र, म्हणजे 'फासा केव्हा टाकायचा' हा भाग, कुणालाही कळेल अशी हवी, ते सातारीदादांनाही मान्य व्हावं.

थोरा-मोठ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ज्यांच्याबद्दल लोकांच्या मनात भक्ती आहे अशी खरी व्यक्ती खेळायचं पात्र म्हणून नाही, तिला आकडे नाहीत, तिच्या तोंडी संवाद नाहीत. मला तर खेळ म्हणूनही ते बरं वाटतं. जासूद, नळावर काम करणारा गवंडी, किल्ल्यावरचा दिवट्या, घोड्यांच्या पागेतलं पोरगं यांच्या हातात पुढे काय होईल ते उघडं असतं. राजाचं काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे.

पर्वतीचा_चढ

झोडायला मिळणार असेल तर आमची हरकत नाही.

सातारी_कंदी

सूचना शुद्धात लिहीन, म्हातारा माझ्या भाषेत बोलंल. ठरलं.

आता माझी अडचण ऐका. आमच्याकडं समदे मोबाइलवर वाचत्यात आन् कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं छापत्यात. काळ्या पार्श्वभूमीचे नकाशे लय देखणे दिसत्यात, पर छापले की नुसता काळा डाग, वर झेरॉक्सवाला शिव्या देतो त्यो वेगळाच. परत्येक नकाशाची पांढऱ्या कागदावर रेघांची आवृत्ती पायजेच. आन् ए-फोर मधी दुमडून ए-फाइव्हची पुस्तिका करायची सोय द्या. पानं चारच्या पटीत बसली पायजेत, नायतर मधीच कोरी पानं येत्यात.

लोडशेडिंग

मजकूर साधा ठेवला तर हे जमतं. एकाच फाइलमधून मोबाइलचं पान, ए-फोर आणि पुस्तिका. पानं चारच्या पटीत नसतील तर उरलेल्या पानांवर 'टिपणं' म्हणून रेघा मारून देऊ, टेबलावर लागतातच.

फॉन्ट मुक्त परवान्याचेच घ्यायचे, म्हणजे पीडीएफमध्ये बिनधास्त घालता येतात. मुक्ता, बालू, टायरो देवनागरी मराठी हे सगळे तसे आहेत. आणि पानाची भाषा मराठी म्हणून नीट नोंदवली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. पर्वतीकाकांसाठी विशेष.

अवांतर: एआयने काढलेल्या चित्रांचं काय करायचं?

कोकणी_खवीस

माझ्याकडून नको. माझा चकवा एआयने काढला तेव्हा त्याला शिंगं आली.

वीसबाजू

चित्र, मजकूर, दोन्हींसाठी वेगळा रकाना: माणसाने केलं, एआयने केलं, मिसळ. खोटं लिहिलेलं सापडलं तर साहित्य खाली. बंदी घालण्याइतकी तपासणी आपल्याला झेपणार नाही, आणि न झेपणारा नियम मला लिहायचा नाही. ज्याला एआयचं नको त्याने चाळणी लावावी. हे सगळ्यांना पटणार नाही, माहितीये.

वकिलीणबाई

तक्रारीची सोयही आत्ताच करा. लोकांचं साहित्य होस्ट करणाऱ्याला कायद्याने तक्रार अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करावा लागतो आणि तक्रारीला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. कुणाचं नाव टाकणार?

टवाळ

माझं टाका. मला तसंही सगळे तक्रारीच करतात.

वकिलीणबाई

टवाळ, गंमत नाही. पण खरंच करणार असाल तर चालेल, तुम्ही इथे सगळ्यात नियमित आहात.

मु_पो_हडपसर

खऱ्या जागांबद्दल एक नियम घाला. वेताळ टेकडीवर अमावास्येला वेताळाची पालखी निघते असं साहस वाचून नववीतली मुलं रात्री टेकडीवर गेली तर पालक मला धरतील. कात्रजच्या नळाचंही तेच. उच्छ्वासात उतरायला कुणी खरंच गेलं तर? खरी जागा वापरली की 'हे टेबलावरच खेळा' अशी ओळ आणि प्रत्यक्ष आत जायच्या वाटेचे तपशील गाळलेले, एवढं तरी.

वीसबाजू

हे लगेच घालते. नळाच्या साहसातला एक पत्ता तर मलाच आत्ता आठवला, तो लेखकाला सांगून काढून घेते.

चाचणीचं पान उभं केलंय, आत ते एकच साहस आहे, तीन फाट्यांच्या आवृत्तीसकट. दुवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, ज्यांनी इथे लिहिलंय त्या सगळ्यांना. फोडून बघा.

लोडशेडिंग

फोडलं. 'खेळलं' दाबून तिन्ही प्रश्न रिकामे सोडले तरी टिपण जातंय. आणि शोधात 'दऱ्या' माझ्या लॅपटॉपवरून सापडतो, फोनवरून नाही. रात्री बसतो त्यावर.

वकिलीणबाई

परवान्याच्या यादीत एनडी अजून दिसतंय. काढा ते.